वांडाचं ऑपरेशन आणि जिन्याचा आठवडा

वांडाला पिल्लं होणार नव्हती. पण होणार असं वांडाचं ठाम मत होतं, आणि घरात आता दोघंच उरल्यामुळे मतं एकास एक पडत होती. सोफ्यामागच्या कोपऱ्यात तिनं उशीचा अभ्रा ओढत नेला, त्यावर गेरलिंडेच्या लोकरी सपाता आणून ठेवल्या आणि त्या दोन सपातांना ती दिवसभर चाटू लागली. राइनहोल्ट आयझेले सपाता उचलायला वाकले तेव्हा ती गुरगुरली. आठ वर्षांत ती त्यांच्यावर कधी गुरगुरली नव्हती. पण सपाता गेरलिंडेच्या होत्या, वांडाही गेरलिंडेचीच होती, तेव्हा या मामल्यात आपण तिऱ्हाईत आहोत हे आयझेलेंनी ओळखलं आणि ते सरळ झाले. सरळ होताना गुडघा वाजला.

आयझेलेंची बायको गेरलिंडे फेब्रुवारीत वारली होती. हा मे महिना.

वांडा ही कुत्री जातीनं अनेक आणि रंगानं पिंगट होती, वजन एकतीस किलो. गेरलिंडे असताना तिला हे गाभणपणाचं खूळ एकदा-दोनदा लागलं होतं आणि गेरलिंडेनं ते दोन शब्द बोलून उतरवलं होतं. कुठले दोन शब्द, ते आयझेलेंनी त्या वेळी ऐकून ठेवलं नव्हतं. आता वांडा खाईना, तिच्या सडांत दूध उतरलं आणि एका सडाशी वाटाण्याएवढी गाठ लागली. तेव्हा ते तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीण योवानोविचबाई तीस वर्षांपूर्वी बेलग्रेडहून इथे आल्या होत्या. इथली भाषा त्या इथल्या लोकांपेक्षा चांगली बोलत, फक्त गोड बोलणं त्यांनी शिकून घेतलं नव्हतं.

"गर्भाशय काढून टाका," त्या म्हणाल्या. "दर वेळी हेच होणार. गाठी वाढणार. एक दिवस आत पू होणार, आणि मग तुम्ही रविवारी जेवणाच्या वेळी मला फोन करणार."

"कायद्यात बसतं का?" आयझेलेंनी विचारलं. जनावराचा अवयव उगाच काढायला या देशात बंदी आहे, आणि आयझेलेंनी उभ्या आयुष्यात लाल दिव्याला रस्ता ओलांडला नव्हता, रस्ता रिकामा असतानाही.

"कारण असेल तर बसतं. कारण मी लिहिते. तुम्ही सही करा."

इथे पहिली अडचण आली. वांडाच्या सगळ्या कागदांवर मालक म्हणून गेरलिंडेचं नाव होतं. दवाखान्याच्या टेबलामागच्या बाई म्हणाल्या, ऑपरेशनच्या संमतीवर मालकिणीची सही लागेल. मालकीण नाही, असं आयझेलेंनी सांगितलं. मग नावबदल करून आणा, असं त्या म्हणाल्या.

नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं, पार्किंगच्या दंडाच्या टेबलाला लागून. एका नावावरचं कुत्रं कमी करायचं तर फॉर्मवर तीन कारणं होती. कुत्रं मेलं, कुत्रं गाव सोडून गेलं, किंवा कुत्रं दुसऱ्याला दिलं.

"मालक मेला, असं कुठे लिहायचं?" आयझेलेंनी विचारलं.

टेबलावरच्या बाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "दुसऱ्याला दिलं, यावर खूण करा."

त्यांनी खूण केली. खाली देणाऱ्याची, म्हणजे गेरलिंडेची, सही हवी होती. बाईंनी फॉर्म परत ओढून घेतला.

"मग असं करू," बाई आवाज उतरवून म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या होत्या. "कुत्री मेली असं दाखवू. मंगळवारी. आणि बुधवारी तुमच्या नावावर नवीन कुत्री चढवू."

"त्याच नावाची?"

"त्याच नावाची, त्याच रंगाची. कोण बघतंय?"

"पण मधे एक दिवस कशाला?"

"मरण आणि येणं एका तारखेला टाकलं की कॉम्प्युटर घेत नाही."

त्यामुळे एका मंगळवारी वांडा सरकारी हिशेबानं मेलेली होती. त्या दिवशी आयझेलेंनी तिला मागच्या गल्लीनं फिरवलं. उगाच कोणी गळ्यातला नगरपालिकेचा बिल्ला विचारला तर काय सांगायचं?

आयझेले ज्या घरात राहत त्याला तीन मजले आणि चोपन्न पायऱ्या होत्या. लिफ्ट नव्हती. तळमजल्यावर राप राहत. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर हातात काही काम न उरल्यामुळे त्यांनी या घराचे नियम आपल्याकडे घेतले होते. पहिल्या मजल्यावरचं जोडपं वर्षातले आठ महिने स्पेनमध्ये राहून तिथून इथल्या हवेला नावं ठेवत असे. दुसऱ्या मजल्यावर नेगेलेबाई एकट्या, आणि तिसऱ्यावर आयझेले.

या भागात जिना झाडणं-पुसणं हे काम नसून चारित्र्य आहे. ज्याच्या दाराला लाकडी पाटी अडकवलेली, त्याचा त्या आठवड्याचा जिना. शनिवारी सहाच्या आत शेवटचं पुसणं झालं पाहिजे, आणि मग पाटी शेजारच्या दाराला जाते. जिना नीट पुसला नाही तर कोणी बोलत नाही. फक्त रापसाहेबांची चिठ्ठी येते, सुवाच्य अक्षरात, आणि ती दारावर चिकटवलेली सगळ्यांना वाचता येते. गेरलिंडेला बावीस वर्षांत दोन चिठ्ठ्या आल्या होत्या. त्यातली एक अन्यायाची होती असं ती शेवटपर्यंत म्हणत असे.

मार्चमध्ये पाटी पहिल्यांदा आयझेलेंच्या एकट्यांच्या दारावर आली, तेव्हा नेगेलेबाई बादली घेऊन वर आल्या होत्या.

"आयझेलेसाहेब, हा आठवडा मी काढते. तुम्ही आता कुठे..."

"मी आता कुठे काय?"

"तसं नाही. म्हणजे घरात बाईमाणूस नाही, तर म्हटलं..."

"नेगेलेबाई, मी चाळीस वर्षं कारखान्यात अवजारं घडवली. केसाच्या दहाव्या हिश्शाचं माप चुकलं तर माल परत यायचा. माझा जिना मी बघेन."

आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लागलं. आतून त्यांना बाईंची बादली एकेक पायरी खाली जाताना ऐकू आली. माफी मागावी असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं, पण बावीस वर्षं एकमेकांना तुम्ही-तुम्ही करणाऱ्या शेजाऱ्याची माफी नेमकी कुठल्या मजल्यावर मागायची ते ठरेना, आणि मग एप्रिल आला.

त्यानंतर नेगेलेबाई जिन्यात फक्त नमस्कार म्हणत. वांडाशी मात्र बोलत. "काय गं, खाल्लंस का? मालकानं दिलं का काही?" मालक शेजारीच उभा असे. वांडा बोलत नसल्यामुळे उत्तर मालकाला द्यावं लागे, आणि अशा रीतीनं त्यांचं थोडं थोडं बोलणं चालू राहिलं होतं.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी झालं आणि छान झालं. डॉक्टरीणबाईंनी सूचनांचा एक कागद दिला. आयझेलेंनी तो फ्रिजवर चुंबकानं लावला आणि चौकटीच्या वहीत वांडाची नोंद सुरू केली: सकाळ, दुपार, संध्याकाळचं तापमान, पाणी किती प्यायली, टाके किती दिसतात. टाके अकरा होते.

कागदावर पहिलीच सूचना होती की दहा दिवस जिना चढू-उतरू नये. योवानोविचबाई बंगल्यात राहत असणार. आयझेलेंनी तडजोड काढली. उतरताना वांडाच्या पोटाखालून टॉवेल घालून वजन पेलायचं आणि तिनं नुसते पाय टेकायचे. चढताना तिला उचलून न्यायचं. एकाहत्तर वर्षांचा माणूस आणि एकतीस किलोची कुत्री हे गणित सोपं नव्हतं. दर मजल्यावर ते थांबत आणि खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करत.

गळ्यातलं नरसाळं ही दुसरी अडचण. जखम चाटू नये म्हणून ते घालायचं असतं. वांडानं ते घालून आधी दाराची चौकट खरवडली, मग जिन्याची भिंत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: "पहिल्या वळणावर भिंतीचा रंग एकोणीस सेंटिमीटर गेला आहे. राप." आयझेलेंनी पट्टी घेऊन मोजलं. सतरा होते. तसं त्यांनी चिठ्ठीखाली लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली लिहून आलं: "तिरकं मोजावं."

मग नरसाळं काढून आयझेलेंनी वांडाला आपला गडद निळा बनियन चढवला. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून, आणि शेपटीच्या वर गाठ. बनियन तिला अंगासरसा बसला. आयझेलेंना तो गेली दोन वर्षं पोटावर ताणून बसत होता, त्यामुळे हे थोडं लागलं.

"आयझेले," रापसाहेब दारात उभं राहून म्हणाले, "कुत्री तुमच्यापेक्षा टापटीप दिसते."

"तिला पेन्शनीत बसायचं नाहीये ना," आयझेले म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण दुसरं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी टाक्यांखाली लिंबाएवढी सूज आली. डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. आत पाणी धरलंय, होतं असं, आपोआप जिरेल, पण लक्ष ठेवा, म्हणाल्या. आयझेलेंनी सुजेचं माप वहीत लिहिलं. जिन्यात नेगेलेबाई भेटल्या.

"काय म्हणते बाळंतीण?"

"सूज आहे."

"चक्का लावा."

"डॉक्टरीण म्हणाल्या, काही लावायचं नाही."

"डॉक्टरीणबाई सर्बियाच्या. तिथे चक्का आंबट असतो. इथला लावा. फडक्यावर बोटभर जाड, वीस मिनिटं."

नेगेलेबाईंचा चक्क्यावर विश्वास होता. घसा, गुडघा, डास, सूर्य, सगळ्याला चक्का. गेरलिंडेच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी दोन डबे वर पाठवले होते. आजार स्वादुपिंडाचा होता. गेरलिंडे हसली होती, हसताना दुखलं होतं, आणि चक्का आयझेलेंनी पावाला लावून संपवला होता.

आता त्यांनी विचार केला की सूज ही सूज असते आणि त्या बाईला एकदा आपण दारातून परत लावलंय. त्यांनी चक्का लावला. वांडा वीस सेकंद निश्चल उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या पोटाला जेवण लावलंय. आयझेले घड्याळ लावायला वळले होते, ते परत वळेपर्यंत तिनं चक्का, फडकं आणि वरून तिसरा टाका काढून टाकला होता.

"काय लावलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"आयझेलेसाहेब, जखमेत दूध आहे."

नवा टाका पडला, औषधाची मुदत वाढली, आणि नरसाळं पुन्हा गळ्यात आलं, बनियनच्या वर. डॉक्टरीणबाईंनी फ्रिजवरच्या कागदातली एक ओळ नव्यानं लिहून खाली दोन रेघा मारून दिली: मागच्या बाजूनं रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी लगेच फोन. "दुसऱ्या आठवड्यातसुद्धा," त्या म्हणाल्या. "तेव्हा लोकांना वाटतं, झालं सगळं."

शनिवारी संध्याकाळी पाटी आयझेलेंच्या दारावर आली.

त्यांनी सोमवारी सकाळीच चोपन्न पायऱ्या पुसून काढल्या, कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश लावला, कठडा कोरड्या फडक्यानं. कारखान्यात माल तपासणीला जाण्याआधी ते असेच दोनदा हात फिरवत. दुपारी वांडाला उतरवून नेलं आणि परत आणलं तेव्हा जिना लख्ख होता. मंगळवारी सकाळी परत आणताना जिना लख्ख होता. बुधवारी तर खालच्या पायऱ्या ओलसर चमकत होत्या. दमट हवेनं असेल असं त्यांना वाटलं, आणि काम नीट केलं की ते टिकतं असंही वाटलं. वांडाचं तापमान ठीक होतं. जेवण थोडं कमी. दिवसभर ती आपल्या तपकिरी घोंगडीवर पडून असे आणि नरसाळं आडवं आलं तरी मागचं अंग चाटायची खटपट करी, तिला ते कुठेतरी जमतही असावं. तिला फिरवायला जाताना आयझेले चष्मा लावत नसत. चष्मा वाचायचा होता, आणि वांडात वाचण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी रापसाहेबांनी त्यांना खाली अडवलं.

"आयझेले, एक बोलायचं होतं."

आयझेलेंनी वांडाला खाली ठेवलं आणि तोंड घट्ट केलं.

"जिना. आरसा झालाय. मी चौतीस वर्षं इथे राहतो. तुमच्या बाईसाहेबांना, देव त्यांना शांती देवो, कोपरे जमत नसत."

असं कौतुक या घरात कोणाला कधी मिळालं नव्हतं. आयझेलेंना एकदम आनंद झाला आणि लगेच रापच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांनी दोन्ही दाखवलं नाही. "कोपरे तिला जमायचे," ते म्हणाले, "तिला इतर कामं होती." आणि वांडाला उचलून वर निघाले. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर मात्र ते तिला म्हणाले, "ऐकलंस का? आरसा." वांडानं नरसाळं भिंतीला टेकवून डोळे मिटले होते.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला वांडा उठेना. आयझेलेंनी तापमान घेतलं, छत्तीस पूर्णांक आठ; कुत्र्याला अडतीस तरी हवं. हे शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी थर्मामीटर स्वतःच्या काखेत धरून तपासला, मग दुसरा शोधून काढला, दोघांची तुलना केली. दोन्ही बरोबर होते. यात दहा मिनिटं गेली. मग त्यांनी तिचा ओठ वर केला, आणि हिरड्या वहीच्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. वहीत सहा रकाने होते. रक्ताचा नव्हता.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आत्ता. लगेच."

रापसाहेबांकडे गाडी होती. ते घरातल्या कपड्यांत वर आले, चिठ्ठी लिहिताना लावायचा चष्मा नाकावर तसाच. दोघांनी घोंगडीची चार टोकं धरली, राप पुढे, आयझेले मागे. घोंगडी उचलली तेव्हा खाली जमिनीवर ओला डाग होता, आणि पहिल्या पायरीवर थेंब पडला. दुसऱ्या पायरीवर दोन.

दुसऱ्या मजल्यावर नेगेलेबाईंचं दार उघडलं.

"जिना मी आल्यावर पुसतो, नेगेलेबाई," आयझेले धापा टाकत म्हणाले. हे पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून आलं, आणि त्याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

बाईंनी पायरीकडे बघितलं. "रक्त आहे."

"आजच सुरू झालंय."

"पायरी," राप म्हणाले. "आयझेले, पायरी बघा."

नेगेलेबाई मागोमाग उतरायला लागल्या, एका हातानं कठडा धरून. "आजच नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून."

"काय सोमवारपासून?"

"थेंब. तुम्ही तिला उतरवून नेता तेव्हा पडतात. तुम्ही बाहेर गेलात की मी पुसते."

आयझेले थांबले, तशी घोंगडी ताणली गेली आणि राप पुढे कलले. "चला हो! थांबू नका!"

"किती?" आयझेलेंनी चालता चालता विचारलं. "किती थेंब?"

"सोमवारी सहा-सात. मंगळवारी तेवढेच. काल जास्त होते. काल मी पाणी दोनदा बदललं. मला वाटलं, ऑपरेशन झालंय, येत असेल थोडं. बायकांना येतं."

"मग सांगितलं का नाही?"

पहिला मजला आला. तिथे कोणी नव्हतं, स्पेनमध्ये होते.

"तुम्ही म्हणाला होतात, तुमचा जिना तुम्ही बघाल."

"मग पुसलात कशाला?"

"रापसाहेबांनी चिठ्ठी लावली असती. तुम्हाला. एवढ्यातच सगळं झालेलं, आणि वर दारावर चिठ्ठी."

"मी?" राप पुढून म्हणाले, मान न वळवता. "कुत्रीच्या चार थेंबांसाठी मी चिठ्ठी लावीन?" ते सहा पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "लावली असती."

वांडाला मागच्या सीटवर ठेवलं. आयझेले तिच्याजवळ बसले. नेगेलेबाई फुटपाथवर उभ्या होत्या, पायात घरातल्या चपला, आणि काहीतरी बोलत होत्या, पण काच वर होती.

डॉक्टरीणबाईंनी पोट पुन्हा उघडलं. रापसाहेब आणि आयझेले बाहेर बाकावर बसले. समोर मांजरीच्या दातांची काळजी कशी घ्यावी याचं चित्र होतं. रापनी ते दोनदा वाचलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि टोपी काढली. आत जिथे गर्भाशय कापून बांधलं होतं तिथे संसर्ग झाला होता, त्यानं हळूहळू शीर कुरतडली होती. ठिबकत होती, आणि आज एकदम सुटली. बाईंनी ती बांधली होती, पण तोवर अंगात रक्तच राहिलं नव्हतं. दोनदा हृदय चालू केलं. तिसऱ्यांदा झालं नाही.

"बुधवारी आणली असती तर?" आयझेलेंनी विचारलं.

"बुधवारी आणली असती तर मी टाका घालून शुक्रवारी घरी पाठवली असती. मंगळवारी तर नक्कीच." मग त्यांनी आयझेलेंच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या पहिल्यांदाच जरा अडखळल्या. "ठिबक दिसली नाही का तुम्हाला कुठे?"

"नाही," आयझेले म्हणाले. "आमच्याकडे जिना फार स्वच्छ असतो."

ते आत गेले. नरसाळं काढलेलं होतं. बनियन मधोमध कापलेला होता. त्यांनी तिच्या कानामागे हात ठेवला, गेरलिंडे ठेवायची तिथे. गेरलिंडे तिथे काय बोलायची ते आताही आठवलं नाही. मग त्यांनी घोंगडी घडी करून काखेत घेतली आणि ते बाहेर आले.

परतताना गाडी लाल दिव्याला थांबली तेव्हा रापसाहेब बोट स्टीअरिंगवर आपटत म्हणाले, "चौतीस वर्षं." मग दिवा हिरवा झाला.

घराचं दार उघडलं तर जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, नेगेलेबाई स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंगावर शाल होती. जिन्यात तसा गारठाच असतो. खालपासून वरपर्यंत थेंब जसे पडले होते तसेच होते, कडेनं वाळून काळपट झालेले.

"कोणाला पाय ठेवू दिला नाही," त्या वरूनच म्हणाल्या. "पार्सलवाला आला होता, त्याला दारातूनच परत लावला. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना बघावं लागेल किती गेलंय ते. आता पुसायचं नाही. मोजता येईल असं सगळं ठेवलंय."

आयझेले कडेकडेनं वर चढत गेले. बाईंनी आधी त्यांच्या मागे बघितलं, मग घोंगडीकडे, मग रापसाहेबांकडे. रापसाहेब किल्ल्यांच्या जुडग्यात एक किल्ली शोधत होते.

"गेली?"

"तीन वाजून दहा मिनिटांनी."

बाई उठल्या नाहीत. शालीचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी सांगितलं असतं तर, आयझेलेसाहेब? सोमवारी. नुसतं दार वाजवून सांगितलं असतं तर?"

आयझेलेंच्या तोंडात बुधवार आलेला होता. मंगळवारसुद्धा. दोन्ही शब्द सरळ आणि खरे होते. बाईंचे हात त्यांना दिसत होते, बोटांची टोकं लाल, चार दिवसांच्या पाण्यानं भेगाळलेली.

"काही फरक पडला नसता," ते म्हणाले. "आतून होतं ते. बाहेर दिसायला लागलं तेव्हाच उशीर झालेला होता. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं."

खाली किल्ल्यांचा आवाज थांबला. रापसाहेब खाकरले.

"हो," ते म्हणाले. "मी तिथेच होतो. असंच म्हणाल्या त्या."

"नक्की?"

"नक्की," आयझेले म्हणाले.

बाई उठल्या. खुर्ची त्यांनी भिंतीला लावली.

"मग आता पुसायला हरकत नाही."

"नाही. बादली आणतो. आठवडा माझा आहे."

"बादली माझी जवळ आहे," बाई म्हणाल्या. "गरम पाणी घेऊ?"

"गार घ्या. रक्त गार पाण्यानं निघतं."

चार दिवस नेगेलेबाई गार पाण्यानंच पुसत होत्या.

"हो का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत." आणि त्या बादली भरायला वर गेल्या, भिंतीच्या कडेकडेनं, एकेक थेंब चुकवत.